पाडव्याला निघालेली पिशवी

उपेंद्र रेडकर स्वतःचे केस स्वतः कापायचा. एवढं सांगितलं की शारजाच्या रोल्ला भागातल्या कुठल्याही मराठी माणसाला तो कोण ते कळायचं, कारण त्याचा डावा कल्ला उजव्यापेक्षा नेहमी बोटभर वर असायचा. शारजात वीस दिरहॅमला, म्हणजे साडेचारशे-पावणेपाचशे रुपयांना, चांगला न्हावी मिळतो. पण उपेंद्रचं म्हणणं असं, की आपलं डोकं दुसऱ्याच्या हातात द्यायचंच कशाला?

घरातला एसी त्याने एकदा स्वतः उघडला, साफ केला आणि बंद केला. चार स्क्रू उरले. कंपनीनेच चार जास्त लावले होते असा त्याने निकाल दिला, आणि एसीने बिचाऱ्याने तो दोन उन्हाळे मान्यही केला. बेसिनचा नळ, लेकीच्या, आभाच्या, सायकलची साखळी, मंजुषाच्या मिक्सरचं भांडं, सगळ्यावर त्याचा हात फिरलेला होता. मंजुषा, म्हणजे त्याची बायको, एवढंच म्हणायची की या घरात डॉक्टर लागला तर मला आधी सांग, मी माहेरी जाईन.

असा माणूस शेअर बाजारात उतरला तर दलालाला विचारेल का? छे. आणि कराचा फॉर्म भरायला कुणाला पैसे देईल का? तेही छे. पण ते पुढे.

तो मूळचा वेंगुर्ल्याकडचा. पंचेचाळिशीच्या आतबाहेर. प्लास्टिकच्या पाइपांची तपासणी हा त्याचा धंदा. त्यातली पदविका घेऊन तो मुंबईत नोकरीला लागला, मग बायको आणि सहा वर्षांची मुलगी घेऊन कॅनडाला गेला. तिथे नऊ वर्षांत नागरिकत्व मिळालं, पासपोर्ट मिळाला, पण पाइप काही मिळाला नाही. मिसिसागाच्या एका बिस्किटांच्या गोदामात तो खोके मोजायचा. बाहेर उणे अठरा, आत बिस्किटं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे मोबाइलवर सिनेमे बघायचे आणि हा शेअरचे आलेख बघायचा. सस्कॅचेवानमधली एक छोटी खताची कंपनी त्याच्या मनात भरली. शेतकऱ्याच्या पोराला खताचं कोण शिकवणार? माणूस दाढी करायची सोडेल, पण पिकाला खत घालायचं सोडणार नाही, असं त्याचं अर्थशास्त्र. नऊ डॉलरच्या भावाने त्याने हळूहळू चार हजार शेअर जमवले. छत्तीस हजार डॉलर. ते पैसे आभाच्या कॉलेजचे, हे त्याने घरात जाहीर करून टाकलं.

मग उम्म अल कुवैनच्या एका पाइपांच्या कारखान्यातून बोलावणं आलं. क्वालिटी मॅनेजर, पगार अठरा हजार दिरहॅम. त्याने लगेच मोठ्याने हिशेब केला, चार लाखांच्या वर झाले की हो. बिस्किटांना त्याच दिवशी रामराम.

निघायचं कधी? हे मात्र उपेंद्र स्वतः ठरवत नसे. आयुष्यातली तेवढी एकच गोष्ट त्याने दुसऱ्यावर सोपवली होती, ती म्हणजे मुहूर्त. ते खातं होतं वेंगुर्ल्याच्या आत्याकडे. आत्याने फोनवर सांगितलं, गुढीपाडव्याला निघ, पंचांग बघायचीही गरज नाही. उपेंद्रने पाडव्याचं तिकीट काढलं. आणि व्हिसा अडकला. कंपनीचा माणूस रोज म्हणायचा, इन्शाल्ला उद्या. उद्या म्हणजे कधी, हे आखातात विचारायचं नसतं.

आता सांगा, मुहूर्त हातचा जाऊ द्यायचा? आपल्याकडे त्यावर जुना तोडगा आहे. ठरल्या वेळी निघता आलं नाही, तर आपली एखादी वस्तू, उपरणं म्हणा, काठी म्हणा, त्या मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायची. वस्तू उंबऱ्याबाहेर पडली की माणूस निघाला असं धरायचं. याला प्रस्थान ठेवणं म्हणतात. मग खरं निघणं चार दिवसांनी होईना का, मुहूर्त आपलाच.

उपेंद्रने पाडव्याच्या सकाळी कापडी पिशवीत सुपारी, मूठभर तांदूळ, एक रुपयाचं नाणं आणि स्वतःचा टॉवेल घातला आणि ती पिशवी मिसिसागातल्या इमारतीत खालच्या मजल्यावरच्या शहरबानूच्या घरी नेऊन ठेवली. ही बाई हैदराबादची, मोठ्या मनाची. तिने पिशवीत डोकावलं आणि विचारलं, "रेडकरभाई, आप जारे कि आपका टॉवेल जारा?" उपेंद्रने तिला शास्त्र समजावलं. ती म्हणाली, बहोत खूब, मग टॉवेलला नाश्ता द्यायचा का?

व्हिसा आला एकोणीस दिवसांनी. अठ्ठावीस एप्रिलला उपेंद्र पिशवी घेऊन विमानात बसला. मंजुषा आणि आभा मागे राहिल्या, कारण आभाची दहावी जूनअखेर संपणार होती आणि भाड्याच्या घराचा करारही तेव्हाच सुटत होता. बरोबर दोन महिन्यांनी, अठ्ठावीस जूनला, त्या दोघी शारजाच्या विमानतळावर उतरल्या. हे दोन महिने उपेंद्रने बायकोला पुढे वर्षभर ऐकवले. घराचा नळ गळला तरी म्हणायचा, मुहूर्तावर निघाली असतीस तर गळला नसता.

आणि त्या शेअरचं काय झालं? पाडव्याच्या दिवशी तो एक्केचाळीस डॉलरला होता, जन्मात कधी नव्हता एवढा उंच. विकायची सोन्यासारखी वेळ. पण पाडव्याला लक्ष्मी घराबाहेर कोण काढतं? उपेंद्रने विकला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो गुढी उतरवल्यासारखा खाली यायला लागला. कंपनीच्या खाणीत पाणी शिरलं होतं. उपेंद्र विमानात बसला तेव्हा एकोणतीस, मंजुषा उतरली तेव्हा अकरा. पुढे नवावर येऊन थांबला, म्हणजे जिथून निघाला तिथेच. वर्तुळ पूर्ण.

उपेंद्रने मनाला लावून घेतलं नाही. मुद्दल तर आहे, आभाचं कॉलेज अजून दोन वर्षं लांब आहे. पुढच्या एप्रिलमध्ये त्याने कॅनडाचा शेवटचा कराचा फॉर्म स्वतः भरला. तिथे एक रकाना होता, देश सोडल्याची तारीख. उपेंद्रचा हात थबकलासुद्धा नाही. त्याने पाडव्याची तारीख घातली. कारखान्यात पाइपावरचा तारखेचा शिक्का जरा पुसट दिसला तर अख्खा ढीग परत पाठवणारा हा माणूस, आणि त्याने पिशवीची तारीख स्वतःची म्हणून सरकारला कळवली. वर इमानदारीने शेअरची यादीही जोडली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ऑक्टोबरात कंपनीच्या पोस्टाच्या पेटीत खाकी पाकीट आलं. उपेंद्रने ते गाडीत बसून वाचलं, मग एसी लावून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. अठरा हजार डॉलर भरा. म्हणजे सत्तेचाळीस हजार सातशे दिरहॅम. म्हणजे अकरा लाख रुपये. शेअर आज सगळेच्या सगळे विकले तरी छत्तीस हजार डॉलर यायचे, त्यातले अर्धे सरकार नेणार. उरलेल्या अर्ध्यात आभाला कुठलं कॉलेज घेणार? पुढच्या सप्टेंबरात तिला जायचं होतं.

स्वतःच्या हाताने काही करण्यासारखं उरलं नाही, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याकडे गेला. रोल्लात एका कॅफेटेरियाच्या वरच्या मजल्यावर जहूरची हिशेब लिहायची कचेरी होती. जहूर दापोलीचा, उपेंद्रच्याच वयाचा, शारजात वीस वर्षं मुरलेला. दुकानदारांचे कर भरता भरता तो कॅनडाचे कागदही बघायला लागला होता, कारण रोल्लातल्या दर चौथ्या इमारतीत एक तरी कॅनडाचा पासपोर्ट गादीखाली असतो.

जहूरने घट्ट उकळलेला करक चहा मागवला, कागद वाचले आणि आधी विचारलं, केस कुणी कापले? मग मुद्द्यावर आला.

उपेंद्रची तक्रार एकच होती. शेअर मी विकलेच नाहीत, एक दमडी हातात आली नाही, मग नफा कसला आणि कर कसला? जहूरने समजावलं, की कॅनडा सोडून जाणाऱ्या माणसाचे शेअर तो ज्या दिवशी निघाला त्या दिवशी विकले असं तिथलं सरकार धरतं. विकायला लागत नाही. नुसतं धरतात. त्या दिवशीच्या भावाने नफा काढतात आणि त्याच्या निम्म्यावर कर लावतात. नऊचे घेतले, एक्केचाळीसला विकले असं धरलं, चार हजार शेअर.

उपेंद्र खवळला. जे झालंच नाही ते झालं म्हणून धरायचं, हा कुठला न्याय, असं त्याने दोनदा विचारलं. जहूर चहाचा घोट घेत होता. त्याला प्रस्थानाची हकीकत अजून ठाऊक नव्हती. त्याने साधेपणाने विचारलं की पाडव्याचं विमान कुठलं होतं, तिकिटाची प्रत दे. मग उपेंद्रला सगळं सांगावं लागलं, सुपारीपासून टॉवेलपर्यंत.

जहूरने कप खाली ठेवला. तो हसला नाही, आणि तेच जास्त लागलं.

"म्हणजे टॉवेल गेला की माणूस गेला, हे तुला चालतं," तो म्हणाला. "आणि माणूस गेला की शेअर विकले, हे चालत नाही. उपेंद्र, तू आणि ते कर खातं एकाच गावचे रे."

जहूरने पुढे सांगितलं, की सुदैवाने नोटिशीवर हरकत घ्यायला नव्वद दिवस असतात, त्यातले सत्तर बाकी आहेत. हरकत घ्यायची आणि सांगायचं की तारीख चुकली. साधारण नियम असा, की तीन तारखा बघतात. तू निघालास ती, बायको-पोरं निघाली ती, आणि नव्या देशात तुझं बस्तान बसलं ती. तिन्हींत जी शेवटची, ती खरी.

उपेंद्र म्हणाला की अठ्ठावीस एप्रिल लिहू, ते तरी खरं आहे. विमानात तो स्वतः होता, तिकीट आहे. जहूरने बोटांवर हिशेब केला. एकोणतीसचा भाव, कर साडेनऊ हजार डॉलर, पंचवीस हजार दिरहॅम. मग मान हलवली. बायको-मुलगी अठ्ठावीस जूनला आल्या ना? घर तोवर तिकडेच चालू होतं ना? मग तारीख तीच. त्या दिवशी भाव अकरा. नफा जवळपास नाहीच. उलट मे-जूनचा तुझा इथला पगार तिकडच्या उत्पन्नात धरावा लागेल, सरकार एका हाताने सोडतं आणि दुसऱ्या हाताने चिमटा काढतं. सगळं धरून साडेतीन हजार डॉलर, नऊ हजार तीनशे दिरहॅम.

"रुपयांत सव्वादोन लाखांच्या आत," उपेंद्र सवयीने म्हणाला.

"मग सही कर. खलास."

पण उपेंद्रने सही केली नाही. आता इथे कुणीही म्हणेल, अकरा लाखांचे सव्वादोन होतायत, अडतं कुठे? अडत होतं ते हरकतीच्या कागदावरच्या पहिल्या ओळीत. 'मी पाडव्याच्या दिवशी निघालो नव्हतो.' या नोकरीत जे जे बरं झालं होतं, पहिल्या वर्षातली बढती, आभाला मिळालेली शाळा, साहेबाचं त्याला हबीबी म्हणणं, सगळं त्याने पाडव्याच्या खात्यावर जमा केलेलं होतं. आत्याला तर त्याने निघायला उशीर झाला हेच सांगितलं नव्हतं. तिच्या लेखी तो पाडव्याला निघाला आणि पाडव्याला पोचला. आणि वर मंजुषाच्या तारखेवर सही? वर्षभर ऐकवलेलं सगळं एका सहीत परत घ्यायचं? त्याने जहूरला सांगितलं की विचार करतो.

विचार करण्यात दोन महिने गेले. कागद जेवणाच्या टेबलावर पडून राहिले. त्यावर एकदा वरणाचा थेंबही पडला. आभाने ते वाचले आणि बारावीतल्या पोरीच्या निर्दयपणे निकाल दिला, "बाबा, द बॅग एमिग्रेटेड. यू डिडन्ट."

मंजुषाने मात्र वाद घातला नाही. तिने प्लास्टिकच्या फोल्डरमधून घर सोडल्याची पावती, शाळा सोडल्याचा दाखला आणि दोन तिकिटं काढून त्या कागदांशेजारी ठेवली. तिचा टोमणा नेहमी दुपारच्या आमटीसारखा यायचा, कमी तिखट वाटणारा आणि नंतर लागणारा. त्या दिवशी तोही आला नाही. ती एवढंच म्हणाली, "दहा दिवस राहिलेत. आभाला कॉलेज द्यायचं की पाडवा, ते तू ठरव. आणि आत्यांची भीती वाटत असेल तर फोन मी लावून देते."

भीती हा शब्द त्याला झोंबला. शुक्रवार होता, अर्ध्या दिवसाची ड्युटी संपवून तो गाडीत बसून होता, समोर कारखान्याच्या आवारात निळ्या पाइपांचे ढीग. त्याने तिथूनच आत्याला फोन लावला. आधी प्रकृती, मग थंडी, मग आंब्याचा मोहोर, मग शेजारच्या म्हशीचं बाळंतपण, असं करत करत शेवटी त्याने सांगून टाकलं, की आत्ये, मी पाडव्याक निघूकच नाय. पिशवी निघाली. मी एकोणीस दिसांनी गेलंय. आणि सरकाराक मात्र पाडवोच लिहून दिलंय.

आत्याच्या आवाजात राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं, की आपल्या घराण्यात एवढा शिकलेला मूर्ख निपजला कसा.

"एकोणीस दिस? अरे मेल्या, प्रस्थान पाच दिसांत शिळां होता. आणि प्रस्थान म्हणजे निघणां न्हय. निघाचां ठरलांहा, ह्यां देवाक सांगणां. सरकाराक सांगूक तुका कोणी सांगितल्यान?"

आत्याने पुढे विचारलं की मंजुषा कधी पोचली. त्याने सांगितलं, अठ्ठावीस जून. मग तोच तुझ्या घराचा दिवस, आत्या म्हणाली, चूल जिथे पेटते तिथे घर, त्याला पंचांग कशाला लागतं. आणि म्हशीला रेडी झाली हे तिने परत सांगितलं, कारण तिच्या मते फोनवरची महत्त्वाची बातमी तीच होती.

त्या संध्याकाळी उपेंद्र कागद घेऊन रोल्लाला गेला. जहूर कचेरी आवरून निघायच्या बेतात होता. त्याने यल्ला, चल बस, म्हणत दिवा परत लावला. उपेंद्रने पहिली ओळ मोठ्याने वाचली आणि सही केली. मग म्हणाला की खाली खुलासा मी स्वतः लिहिणार. जहूरने कपाळाला हात लावला, पण अडवलं नाही. तेवढी सवय कशी जाणार? त्याने चार ओळींत लिहिलं, की आमच्याकडे प्रवासाआधी पिशवी शेजाऱ्याकडे ठेवायची चाल आहे, त्या चालीची तारीख मी चुकून स्वतःची म्हणून लिहिली, कुणाला फसवायचा हेतू नव्हता, पिशवीत टॉवेल होता. टॉवेल कशाला, असं जहूरने विचारलं. उपेंद्र म्हणाला की खरं लिहायचं तर पूर्ण खरं लिहायचं. टॉवेल राहिला. मुदतीच्या आत आठ दिवस राखून कागद गेले.

फेब्रुवारीत उत्तर आलं. या वेळी पाकीट उपेंद्रने गाडीत नाही, घरी आणून फोडलं. मंजुषा गवार मोडत बसली होती, आभा कानात इयरफोन घालून कॉलेजांच्या फीचे रकाने बघत होती. हरकत मान्य. निघाल्याची तारीख अठ्ठावीस जून धरली आहे. भरायचे साडेतीन हजार डॉलरला थोडे कमीच.

उपेंद्रने तो कागद दोनदा वाचला. आभाचे पैसे वाचले हे त्याने मोठ्याने सांगितलं. आभाने एक इयरफोन काढला, "कूल, थँक्स मम्मा" म्हणाली आणि परत घातला. आभार कुणाचे मानायचे हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

उपेंद्र खुर्चीत बसला. पैसे वाचले तरी काहीतरी त्याला टोचत होतं, आणि ते बोलल्याशिवाय त्याला जेवण जाणार नव्हतं.

"म्हणजे बघ, दोन महिने मी इथे उम्म अल कुवैनमध्ये पाइप तपासत होतो," तो म्हणाला, "खोली माझी, पगार माझा, घाम माझा. आणि सरकार म्हणतं मी कॅनडातच राहत होतो."

मंजुषाने शेंगेचं टोक मोडलं आणि शिरा ओढून काढली.

"बरोबरच म्हणतं," ती म्हणाली. "कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या, हे विचारायला रोज फोन तिकडेच येत होता."